कौलांचं जहाज

माझे सासरे कुठल्याही गोष्टीला आधी 'नको' म्हणतात. चहा? नको. शाल? नको, थंडी कुठे आहे. आणखी एक पोळी? नको नको, पोट भरलं. आमच्या घरात या नकोला कुणी फसत नाही. तीनदा विचारायचं असतं, मग तिसऱ्या वेळी 'बरं, अर्धी वाढ' असं उत्तर येतं. सासूबाई तर विचारतच नसत, सरळ वाढून मोकळ्या होत.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णांचं नको खरंच नको व्हायला लागलं. तिसऱ्यांदा विचारलं तरी नको, पाचव्यांदा विचारलं तरी नको. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर टीव्हीसमोर बसत, टीव्ही बंद ठेवून. शिरीष, म्हणजे माझा नवरा, हबकला. त्याने ऑगस्टमध्ये त्यांना जवळजवळ ओढतच जर्मनीत, आमच्याकडे बॉनला आणलं. इथे येऊन ते टीव्हीऐवजी खिडकीसमोर बसू लागले.

मी माणूस तापट आहे. ऑफिसात माझं काम दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचं, आणि घरी आल्यावरही ते बटण बंद होत नाही असं शिरीष म्हणतो. खिडकीसमोर बसलेले अण्णा बघून मला वाईट वाटायच्या आधी राग यायचा. एवढा धट्टाकट्टा माणूस. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत पाणबुड्या म्हणून नोकरी केलेली. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. असा माणूस आता ट्रामची ये-जा बघत बसणार?

एका रविवारी माझं डायव्हिंगचं सामान बाल्कनीत वाळत घातलं होतं. आमच्या ऑफिसचा डायव्हिंगचा ग्रुप आहे, मी गेली सहा-सात वर्षं त्यांच्याबरोबर इथल्या थंडगार तळ्यांत बुड्या मारते. अण्णा उठले, बाल्कनीत आले आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर हातात घेऊन उलटासुलटा करून बघायला लागले. "बदललं की गं सगळं," म्हणाले. मी संधी सोडणारी नव्हे. फोन काढला आणि हायकेने पाठवलेले फोटो त्यांच्यासमोर धरले. हायके रुगेन बेटावर असते, बाल्टिक समुद्रात बुडालेल्या जहाजांवर ती लोकांना बोटीने घेऊन जाते. फोटो एका जुन्या मालवाहू जहाजाचे होते. नाव कुणालाच माहीत नाही, बुडालं तेव्हा पोटात छपराची कौलं होती, म्हणून सगळे त्याला कौलांचं जहाज म्हणतात.

अण्णांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. "लाकडी आहे?"

"हो. दोनशे वर्षांचं तरी असेल, हायके म्हणते."

"मग लाकूड शिल्लक कसं?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडच्या समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. गोदीतले लाकडी खांब काही वर्षांत चाळणीसारखे झालेले अण्णांनी पाहिले होते. मी सांगितलं की बाल्टिकच्या त्या भागात पाण्याला मीठ कमी, त्यामुळे तो किडा तिथे तग धरत नाही. अण्णांनी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी जहाजं चाचपली, ऊर्मिला. पाहिलं एकही नाही. गोदीच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. सगळं बोटांनी बघायचं. इथे दिसतं?"

"दिसतं."

"सुकाणूसुद्धा?"

दोन वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर त्यांना खरंच हवं होतं.

मग मी पदर खोचला. आधी डॉक्टरांकडून टाउखटाउग्लिशकाइट नावाचं, उच्चारतानाच दम लागावा असं, बुडी मारायला तब्येत ठीक असल्याचं सर्टिफिकेट आणलं. मग आमच्या ग्रुपच्या नेहमीच्या तळ्यात सराव. अण्णांना पाणी शिकवायची गरज नव्हती, थंडी शिकवायची होती. थंड पाण्यात ड्रायसूट घालतात. आत लोकरीचे कपडे, बाहेर रबरी पोशाख, आणि मनगटाला व मानेला घट्ट बसणाऱ्या पट्ट्या, म्हणजे थेंबभरसुद्धा पाणी आत शिरत नाही. "हा तर रेनकोट घालून आंघोळ करण्याचा प्रकार," अण्णा म्हणाले, पण पाचव्या बुडीपर्यंत ते माझ्यापेक्षा स्थिर तरंगायला लागले होते.

आमची बोट ठरली ती ऑक्टोबरातल्या शनिवारची. अण्णांचं परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री होतं. व्हिसा महिनाअखेरपर्यंत होता, पण 'उगाच कशाला तुम्हाला त्रास' म्हणून त्यांनी स्वतःच लवकरचं तिकीट काढायला लावलं होतं. म्हणजे सुकाणू दिसलं तर शनिवारी, नाहीतर कधीच नाही. शिरीषला बोटीवर चढायच्या आधीच उलट्या होतात, म्हणून तो घरी राहिला आणि आम्ही दोघं सासरे-सून शुक्रवारी आठ तास आउटोबानच्या हमरस्त्यावरून रुगेनला गेलो. वाटेत अण्णा जहाजाबद्दलच बोलत होते. सुकाणू लोखंडी पट्ट्यांवर टांगलेलं असेल का? फळ्यांना खिळे असतील की लाकडी खुंट्या? लाकडावर तासणीचे घाव अजून दिसत असतील का? दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी सुताराने कसा हात चालवला, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. मी हो-हो करत होते. मला खरं म्हणजे जहाजांतलं ओ की ठो कळत नाही. मी मासे बघायला जाते.

सकाळी बोट जागेवर पोहोचली. हायके पन्नाशीची, उन्हावाऱ्याने रापलेली बाई, बोलते कमी आणि बघते जास्त. अण्णांनी बोटीवरून हात बुडवून बोट चाटलं. "अगं, हे फिक्कं आहे! आमटीत मीठ घालायला विसरल्यासारखं." हायकेला मी याचं भाषांतर करून सांगितलं. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "म्हणून तर जहाज आहे."

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सामान तपासायचं असतं. हवा चालू आहे ना, पट्टे घट्ट आहेत ना, मनगटाच्या पट्टीखाली काही अडकलं नाही ना. अण्णांनी घड्याळ काढून ठेवलं होतं. उजव्या मनगटावर मात्र लाल दोरा होता. गणपतीत आमच्याकडे पूजा झाली तेव्हाचा. गुरुजी पुण्याहून झूमवर होते, त्यामुळे दोरा मलाच बांधावा लागला होता. माझं लक्ष गेलं त्याच्याकडे. चूक शोधण्याचा पगार घेणारी बाई मी, पण देवाच्या दोऱ्याला 'काढा' कसं म्हणायचं, तेही सासऱ्यांना? एवढासा तर दोरा. मी पट्टी त्याच्यावरून ओढली आणि वर हातमोजा चढवला.

बोटीवरून सोडलेल्या दोराला धरून आम्ही खाली गेलो. वरचं हिरवट पाणी हळूहळू काळपट झालं, गालांना थंडी झोंबली, आणि मग दिव्याच्या झोतात एकदम कौलं. थप्प्याच्या थप्प्या, बांधकामावर रचून ठेवतात तशा, आणि त्यांच्यावर बारीक काळे शिंपले. थप्प्यांच्या दोन्ही बाजूंनी जहाजाच्या फळ्या वर आलेल्या. अण्णा जागच्या जागी थांबले. त्यांच्या तोंडून बुडबुड्यांचा एवढा मोठा लोट निघाला की मला वाटलं ते काहीतरी ओरडले.

मग ते फळी फळी बघत निघाले. एकेका जोडापाशी थांबायचे, दिवा तिरपा धरायचे, वाकून बघायचे. मी कधी कुणाला लाकूड असं वाचताना पाहिलं नव्हतं. हात लावायला बंदी होती, म्हणून बोट लाकडापासून जरासं दूर ठेवून ते फटीवरून फिरवत होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि दाखवलं. दोन फळ्यांमध्ये काळं, चोंदलेलं काहीतरी होतं. पाणी आत येऊ नये म्हणून कुणीतरी ठासून भरलेला काथ्या असावा. अजून तिथेच. मी मासे विसरले. मलाही पुढे काय आहे ते बघायची घाई झाली.

सुकाणू दुसऱ्या टोकाला होतं. आम्ही अर्ध्यावर आलो असू तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, म्हणजे ठीक आहे ना? अण्णांनी तोच गोल करून दाखवला, ठीक आहे. चार हात पुढे गेल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तो गोल डाव्या हाताने केला होता. दिवा उजव्या हातात असेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. वळून पाहिलं तर दिवा त्यांच्या डाव्या मनगटाला लटकत होता आणि उजवा हात छातीशी घट्ट धरलेला.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा डाव्या हाताचा गोल, या वेळी जरा घाईघाईने. हे उत्तर मी ओळखत होते. जेवणाच्या पानावर हात आडवा धरून 'नको नको' म्हणतात ना, अगदी तसंच.

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. सरळ त्यांचा उजवा हात धरला. ड्रायसूटची बाही कोपरापर्यंत जड, आत पाणी. बोटं दाबली तर त्यांनी उलट दाबली नाहीत. पट्टीखालच्या दोऱ्याने दिव्याच्या वातीसारखं पाणी आत ओढलं होतं, आणि अण्णा ते कधीपासून सोसत होते देव जाणे.

मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, आता वर जायचं. आणि नियमही एकच. कुणीही, कधीही हा अंगठा दाखवावा, आणि दुसऱ्याने का म्हणून विचारू नये. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मी सासऱ्यांना कधी 'उठा' असंसुद्धा म्हटलं नव्हतं. अण्णांनी मागच्या टोकाकडे पाहिलं. तिथे अंधारात काहीतरी उंच उभं होतं, दिव्याचा झोत तिथवर पोहोचत नव्हता. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला आणि निमूटपणे माझ्याबरोबर निघाले.

बोटीवर हायकेने त्यांची बाही उलटी केली आणि तांब्या ओतावा तसं पाणी पडलं. अण्णांचे ओठ जांभळे झाले होते. तरी "आय ॲम ओके," चालूच. हायकेने दोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे, आणि ब्लँकेट आणायला गेली. तिच्या त्या बघण्याने माझा पारा चढला, कारण चूक माझीच होती.

"अण्णा, हे काय जेवणाचं पान आहे का?" मी भडकलेच. "खाली हात गेला असता तर? मी विचारतेय, तुम्ही ठीक ठीक करताय! तिथे ठीक म्हणजे ठीक असतं!"

अण्णा आल्याचा चहा डाव्या हाताने पीत होते. "सांगितलं असतं तर वर यावं लागलं असतं," ते म्हणाले. "सुकाणू राहिलं असतं."

"राहिलंच की आता!"

"राहिलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी दाताने दोऱ्याची गाठ सोडवली आणि तो खिशात ठेवला. "तू बांधलेलास म्हणून मी काढला नाही."

"आणि मी देवाचा म्हणून बोलले नाही," मी म्हटलं. दोन शहाणी माणसं आणि एक दोरा.

दुपारी दुसरी बुडी होती. अण्णा उठायला लागले तर हायके म्हणाली, "नाइन." म्हणजे नाही. स्पष्ट, एकदाच. भिजलेला माणूस परत पाण्यात जाणार नाही, तिच्या बोटीवर तरी नाही. मला वाटलं अण्णा वाईट वाटून घेतील. पण ते चटकन खाली बसले. नको म्हणजे नको असं म्हणणारी माणसं त्यांना बहुधा आवडत असावीत.

"तू जा हायकेबरोबर," ते मला म्हणाले. "तुझं तू बघून ये. मासे वगैरे."

मी मास्क धुवत होते. तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली. "सुकाणूपाशी जाशील? लोखंडी पट्ट्या आहेत का बघ. खुंट्या लाकडी की खिळे. आणि तासणीचे घाव. दिवा समोरून मारू नकोस, बाजूने मार, तरच दिसतील."

खाली गेले ती थेट मागच्या टोकाला. आमच्याआधी दुसऱ्या बोटीतले चार-पाच जण तिथे जाऊन आले होते आणि कुणाचे तरी पाय तळाला लागले होते. सगळा गाळ उठलेला. सुकाणू समोर होतं, मला त्याचा उभा काळा आकार जाणवत होता, पण दिवा लावला की नुसती पिठासारखी धूळ चमकायची. मी समोरून मारला, बाजूने मारला. हायके शेजारी तरंगत वाट बघत होती. हात लावायला बंदी, म्हणजे अण्णांची बोटांनी बघायची पद्धतही बाद. गाळ खाली बसेल म्हणून मी थांबले. हवा कमी होत गेली, पाय गारठले, आणि मला नुसतं रडू येत होतं. एवढ्याशा लाकडासाठी मी पाण्याखाली कधी थांबले नव्हते. त्यावर खिळे आहेत की खुंट्या हे मला स्वतःलाच कळायला हवं होतं. हायकेने अंगठा वर केला. मी का म्हणून विचारलं नाही.

वर येताना शेवटच्या पाच मीटरवर काही मिनिटं थांबावं लागतं. तिथे लटकून मी उत्तर तयार केलं. 'हो अण्णा, खुंट्या लाकडी आहेत, घावसुद्धा दिसले.' कुणाचं काय बिघडणार होतं? अण्णा समाधानाने विमानात बसले असते, डोंबिवलीला जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं असतं. आमच्या घरी अशी उत्तरं रोज दिली जातात. डॉक्टर काय म्हणाले? सगळं छान म्हणाले.

शिडीपाशी अण्णा उभे होते. ब्लँकेट खांद्यावरून घसरलेलं. माझ्या तोंडातला रेग्युलेटर निघायच्या आत त्यांनी विचारलं, "दिसलं?"

त्यांचे डोळे पाहिले आणि माझी जीभ रेटेना.

"नाही, अण्णा," मी म्हटलं. "गाळ उठला होता. काहीच दिसलं नाही. खूप थांबले, पण नाही दिसलं."

त्यांनी माझी टाकी उतरवायला हात लावला. उजवा हात, आता त्याला रंग आला होता. मी वाट बघत होते की ते म्हणतील, जाऊ दे, काही नको. ते हसायला लागले. "माझी तीस वर्षं अशीच गेली," म्हणाले. मग हसणं थांबवून, "पण ते आहे ना तिथे?"

"आहे. उभं आहे. तुमच्या डोक्यापेक्षा उंच."

"पडलेलं नाही? उभं?" ते बाकावर टेकले. "मग वरची पट्टी अजून धरून आहे. दोनशे वर्षं! लोखंड असतं तर गंजून गेलं असतं ना? मग काय आहे ते? ऊर्मिला, काय असेल ते?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते मला फार जड गेलं.

अण्णा उठले. बोट डोलत होती, कठड्याला धरत धरत ते हायकेपर्यंत गेले. मी मागे जाणार होते, पण त्यांनी हाताने मला थांबवलं. त्यांचं इंग्रजी गोदीतलं, लहान आणि ठणठणीत. "मॅडम, नेक्स्ट सॅटर्डे, बोट गोइंग?"

"वारा नसेल तर, हो," हायके म्हणाली. "हंगामातली शेवटची."

"टू पीपल," अण्णा म्हणाले. मग स्वतःचं मनगट वर करून तिला दाखवलं, दोऱ्याचा नुसता लाल वळ राहिला होता त्यावर. "नो थ्रेड."

हायके पहिल्यांदा हसली.

ते परत माझ्यापाशी आले. "शिरीषला फोन लाव," म्हणाले. मी लावला आणि आवाज मोठा केला. शिरीषने विचारलं, कसं झालं अण्णा, थंडी वाजली का? मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"वाजली," अण्णा म्हणाले. "हात पार मेला होता. मी हिच्याशी खोटं बोललो, तरी हिने ओढून वर आणलं. ऐक, उद्याचं तिकीट बदलून घे. पुढच्या शनिवारी मी परत इथे येणार आहे."

"अहो अण्णा, उद्याचं विमान... आता बदलायचं म्हणजे... इतकं काय आहे तिथे?"

"ते मला माहीत असतं तर परत कशाला आलो असतो?" असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते कठड्याला टेकून खाली पाण्यात बघायला लागले.

पलीकडून शिरीषने अगदी हळू आवाजात विचारलं, "ऊर्मिला, खरं सांग. अण्णांना काही झालंय का?"

"हो," मी म्हटलं. "त्यांना काहीतरी हवंय."